भूलभुलैयातली डॉक्टर

मेलबर्न किंवा सिडनीच्या गणेशोत्सवात अशी एखादी डॉक्टर तुम्हालाही भेटली असेल. महाराष्ट्रात एम.डी. झालेली, तिथला चांगला अनुभव असलेली. इथे क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते आणि मुलं झोपली की एएमसीचा अभ्यास करते. आपण 'होईल गं' म्हणतो आणि प्रसादाच्या रांगेत पुढे सरकतो.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांवरचा संसदीय समितीचा अहवाल मार्च 2012 मध्येच आला. नाव 'लॉस्ट इन द लॅबिरिंथ', म्हणजे भूलभुलैयात हरवलेले. शिफारशी 45. तेच ते कागद वेगवेगळ्या संस्थांना पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, हे त्याने अचूक टिपलं. पण त्याचा बराचसा भर प्रक्रिया सुटसुटीत करण्यावर आहे. माझ्या मते खरी अडचण त्यापुढची आहे.

एएमसीच्या दोन्ही परीक्षा पास झाल्या, तरी पूर्ण नोंदणीसाठी 12 महिने देखरेखीखाली काम करावं लागतं. ती नोकरी मात्र तिची तिनेच शोधायची. इथला अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. पुढे मेडिकेअरच्या नियमामुळे साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच प्रॅक्टिस. म्हणजे शिकवायला वरिष्ठ जिथे कमी, तिथेच नवख्याला धाडायचं!

ऑक्टोबर 2024 पासून जलद मार्ग निघाला, तो आधी ब्रिटन, आयर्लंड आणि न्यूझीलंडच्या जीपींसाठी. पदवी कुठली हे पाहिलं जातं, हात कसा चालतो हे नाही.

तपासणी सैल करा, असं मी म्हणत नाही. बंडाबर्गच्या रुग्णालयातलं डॉ. जयंत पटेल प्रकरण 2005 साली गाजलं. अमेरिकेत त्यांच्यावर आलेले निर्बंध क्वीन्सलँडमध्ये नोंदणी करताना नजरेतून सुटले होते. तिथे परीक्षा कमी पडली नव्हती. माणसाची पूर्वीची नोंद आणि रोजचं काम पाहणारी नजर कमी पडली.

अशी नजर ठेवण्याची सोय इथे आहे. न्यूकॅसलसारख्या काही ठिकाणी डॉक्टरला वॉर्डात काम करताना पाहूनच पारखतात. मग एएमसीची क्लिनिकल परीक्षा द्यावी लागत नाही. पण अशा जागा थोड्या. त्या वाढवा, हे आपल्या मंडळांनी खासदारांना लिहायला हवं. आणि तुम्ही इथे स्थिरावलेले डॉक्टर असाल, तर तिला निदान आपल्या विभागात ऑब्झर्व्हर म्हणून येता येईल का, एवढं विचारून पाहा. 'होईल गं'पेक्षा ते तिच्या जास्त कामाचं आहे.