यादीत नाव असेल तरच आत

‘ऑटक्राफ्ट’बद्दलच्या लेखांत ‘मायाळू’ हा शब्द हटकून येतो. मला तो अपुरा वाटतो.

ऑटिस्टिक मुलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी माइनक्राफ्टचा हा सर्व्हर कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये सुरू केला. ते स्वतः ऑटिस्टिक, मुलगाही. सार्वजनिक सर्व्हरवर अशा मुलांना बाकीचे छळायचे. ‘सगळ्यांशी नीट वागा’ अशी पाटी लावून डंकन थांबले नाहीत. यादीत नाव नसेल तर इथे आतच येता येत नाही आणि दुसऱ्याचं बांधकाम पाडणं, सामान पळवणं प्लगइननेच रोखलेलं असतं.

दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला खरी करामत इथे दिसते. पाटीवरचा नियम पाळणं समोरच्याच्या मर्जीवर. आज तो पाळेल का, याचा अंदाज बांधत बसायचं, आणि अनेक ऑटिस्टिक माणसांना दमवतं ते नेमकं हेच. कोडमधला नियम रोज तसाच वागतो. संशोधक केट रिंगलँड यांनी इथल्या शांत खोल्यांबद्दल लिहिलंय. गलका सोसेना झाला की खेळातल्या खेळात जाऊन बसायची जागा. (आमच्या ऑफिसात नाही.)

खटकतं ते कौतुक. मुलं इथे म्हणे ‘सामाजिक कौशल्यं’ शिकतात. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराकडून कुणी असा हिशेब मागतं का? आणि ज्यांच्यामुळे ही यादी करावी लागली, त्या छळणाऱ्यांच्या कौशल्यांबद्दल मी वाचलेल्या लेखांत एक ओळही नव्हती.