वन, लाकूड आणि लोहमार्ग : ‘हायब्रिड हिस्टरीज’ या ग्रंथाचे खानदेशातून वाचन

डांगच्या जंगलाचा विचार खानदेशाच्या इतिहासलेखनात क्वचितच होतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात डांगचा कारभार बराच काळ खानदेशच्या कलेक्टरकडे होता आणि १८४२ मध्ये ब्रिटिशांनी तेथील भिल्ल राजांकडून सागाचे जंगल भाडेपट्ट्याने घेतले. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेल्यावर हा धागा तुटला. तो पुन्हा हाती घेण्यास अजय स्कारिया यांचा ‘हायब्रिड हिस्टरीज’ (१९९९) हा ग्रंथ उपयुक्त ठरतो.

या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य म्हणजे डांगी लोकांच्या ‘गोठी’ना त्याने दिलेले स्थान. ‘मोगलाई’ आणि ‘मंडिनी’ ही कालविभागणी डांगींची स्वतःची आहे. मंडिनी म्हणजे हद्दी आखण्याचा, मोजणीचा आणि वनखात्याच्या अमलाचा काळ. सरकारी दप्तरात जे ‘संरक्षण’ म्हणून नोंदले जाते, तेच गोठीत हक्क गमावल्याची कथा होऊन येते. हा पेच स्कारिया सुटसुटीत करून टाकत नाहीत, हे विशेष.

मात्र आमच्या मते, ग्रंथाचा रोख राजसत्ता, वन्यता आणि स्मृती यांवर इतका आहे की, तोडलेले लाकूड पुढे कोठे गेले, हा प्रश्न दुय्यम राहतो. बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा, ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंदमापी मार्ग बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये सुरू केला. तो डांगच्या कडेपासून पश्चिमेकडे, किनाऱ्याच्या दिशेने जातो. भाषिक सीमेच्या वादापूर्वी कितीतरी आधी या रुळांनी डांगचे तोंड गुजरातकडे वळविले असावे, असा आमचा तर्क आहे.

खानदेशातील रुळांची कथा वेगळी आहे. १९०० मध्ये झालेला चाळीसगाव-धुळे मार्ग आणि त्याच सुमारास अमळनेरपर्यंत आलेला तापी खोरे रेल्वेमार्ग, तसेच पुढचा पाचोरा-जामनेर अरुंदमापी मार्ग हे मुख्यतः कापसाच्या मुलखातून गेले. सातपुड्यात लाकडासाठी चढणारी गाडी येथे नव्हती. जंगलातून स्थानकापर्यंत लाकूड पोचविण्याचे काम बैलगाडीने केले, आणि तिची नोंद कोणी ठेवली नाही.

म्हणूनच लाकडाच्या वखारी आणि सॉ मिल चालविणाऱ्या कुटुंबांच्या चोपड्यांचे मोल मोठे आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशानंतर या व्यवसायावर कडक निर्बंध आले, आणि बंद पडलेल्या गिरणीचे दप्तर रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेने अशी दप्तरे मागवून घ्यावीत. तथापि अशा साहित्यावरून कुटुंबाचा गौरवग्रंथ लिहिणे सोपे आहे. त्यात मालकाचे कष्ट येतात, तोड करणाऱ्या भिल्ल व कोकणा मजुराचे नाव मात्र येत नाही. त्याची दुसरी बाजू चोपडीत फक्त मजुरीच्या रकमेपुरती असते. स्कारिया यांनी गोठींचा जो उपयोग केला, तोच येथे कामाला येईल : चोपडीतील रकाना आणि आदिवासी पाड्यावर सांगितली जाणारी गोठ एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. खानदेशातील संशोधकाने त्यासाठी प्रथम नवापूर, साक्री व अक्कलकुवा या भागांतील पाड्यांवर जावे, आणि वखारीचे दप्तर उघडण्याचे काम त्यानंतर घ्यावे.