खर्डा, १७९५ : लढाई एका टोमण्याने लागली काय?

मागच्या बैठकीत खर्ड्याच्या लढाईवरचे टिपण वाचून झाले आणि चहा यायच्या आतच एका सभासदांनी तो किस्सा सांगितला. सांगणार हे ठाऊकच होते. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर दरबारात पेशव्यांच्या वकिलाला म्हणाला, हिशेबाचा खुलासा करायला नाना फडणविसांनी जातीने इथे यावे. वकील म्हणाला, नाना कामात आहेत, कसे येतील? त्यावर दिवाण उसळला : कसे येतात ते मी दाखवतो! झाले, लढाई पेटली. ऐकणारे खूश, सांगणारे त्याहून खूश.

मीही हा किस्सा लहानपणी सुलतान बाजारातल्या घरी ऐकला, आणि पुढे चारचौघांत रंगवून सांगितलाही. म्हणून ही तक्रार इतरांवर जितकी आहे तितकीच माझ्यावर.

या किस्स्याला छापील इतिहासात पाय फुटले ते ग्रँट डफच्या पुस्तकातून. मूळ इंग्रजी ग्रंथ १८२६ चा. काही वर्षांतच तो मराठीत आला आणि ‘मराठ्यांची बखर’ या नावाने वाचला गेला. डफ म्हणतो की दिवाणाची ही धमकी म्हणजे युद्धाची पुरेशी घोषणाच समजली गेली. त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की बोलणी शेवटपर्यंत चालू होती. हा दुसरा भाग मात्र आपण गाळतो. कीर्तन्यांनी डफवर टीका लिहून किती काळ लोटला. पण डफच्या चुका काढणारे आपण त्याच्या गोष्टी मात्र जशाच्या तशा उचलतो.

माझा पहिला आक्षेप ‘घोषणा’ या शब्दालाच आहे. आज आपण घोषणा म्हणतो तेव्हा एक कागद, एक तारीख, वकिलाची पाठवणी असे काही डोळ्यांपुढे येते. अठराव्या शतकातल्या दख्खनेत तसे नव्हते. गोविंदराव काळे पेशव्यांतर्फे निजामाकडे होते. निजामातर्फे मीर आलम पुण्यात बोलायला गेला होता. हिशेबाची भांडणे चालू, फौजांची जमवाजमव चालू, आणि वकिलांची पत्रेही चालू. निजाम बीदरला जाऊन बसला, फौज वाढवू लागला, आणि १७९५ उजाडता दोन्हीकडचे डेरे एकमेकांच्या दिशेने सरकू लागले. यातला कोणता क्षण ‘घोषणा’? दरबारातले वाक्य निवडणे सोपे, कारण ते नाटकात बसते.

दुसरा आक्षेप मोठा आहे. वैर हे कारण म्हणून सांगितले की सगळे समजल्यासारखे वाटते, पण वैर तर कायमच होते. दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा १७१९ च्या. तेव्हापासून एकाच गावात निजामाचा अंमलदार आणि मराठ्यांचा कमाविसदार अशी दुअमली. पालखेड १७२८, उदगीर १७६०, राक्षसभुवन १७६३. आणि त्यानंतर? तब्बल बत्तीस वर्षे या दोघांत निकाली अशी लढाई नाही. थकबाकी वाढत होती, तक्रारी होत होत्या, तरी १७८६ मध्ये बदामीला दोघे मिळून टिपूविरुद्ध लढले, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे हरिपंत फडके आणि मीर आलम एकाच बाजूला बसून टिपूच्या वकिलांशी तह ठरवत होते. म्हणजे खर्ड्याच्या अवघी तीन वर्षे आधी! तेव्हा प्रश्न ‘वैर का होते’ हा नाही. इतकी वर्षे जे अडून राहिले ते आत्ताच का सुटले, हा आहे.

माझ्या मते एकामागून एक खुंट्या निखळल्या. टिपू निम्मा झाला, तेव्हा दोघांना एकत्र ठेवणारी भीती गेली. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी शिंदे वानवडीला वारले. महादजींचे निजामाशी बरे होते आणि नानांशी त्यांची चुरस होती. ते असेतो निजामाला फार दाबणे नानांना अवघड होते. त्याच वर्षी हरिपंतही गेले. समेट करू शकणारी माणसेच उरली नाहीत.

तिकडे हैदराबादेत उलटा हिशेब चालला होता. महादजी गेले म्हणजे पुणे दुबळे झाले, अशी समजूत. रेमाँ नावाच्या फ्रेंच सरदाराने कवायती पलटणी वाढवलेल्या. (आपल्या मूसारामबागेतला ‘मूसाराम’ तो हाच, मूस्यू रेमाँ, तिथून रोज बसने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल!) शिवाय इंग्रज पाठीशी उभे राहतील ही आशा. टिपूच्या युद्धानंतर तिघांनी एकमेकांना हमी द्यावी असा कॉर्नवॉलिसचा मसुदा होता. निजाम तयार, पुणे टाळाटाळ करणारे. पुढे गव्हर्नर जनरल झालेल्या सर जॉन शोअरने या भांडणात पडायचे नाही असे ठरवले. निजामाच्या पदरची इंग्रजी पलटणे मराठ्यांविरुद्ध वापरायला मिळाली नाहीत. मुशीरुल्मुल्क दरबारात जे बोलला ते अपमान करण्याची हौस म्हणून की चुकीच्या हिशेबातून आलेली खात्री म्हणून? मला दुसरे जास्त पटते.

इथे मला विरुद्ध टोकाच्या लोकांशीही भांडायचे आहे. आमच्यातच काही जण म्हणतात, किस्सा सोडा, सगळे पैशाचे होते. थकबाकीचा आकडा मराठे अडीच कोटींच्या पुढे सांगत आणि मुशीरुल्मुल्क उलट मागण्यांची लांबलचक यादी पुढे करी, हे खरे. पण चोपडीतल्या थकबाकीसाठी दौलतराव शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन हे सगळे एका झेंड्याखाली येतील काय? या सरदारांचे आपसांत किती पटत होते ते आपल्याला ठाऊक आहे. दौलतीची अब्रू गेली असे म्हटले की मात्र घरी बसणे अवघड. म्हणून तो टोमणा मला लढाईचे कारण वाटत नाही, निमंत्रणपत्रिका वाटते. दिवाणाने शब्द दिले, नानांनी ते नीट वापरले.

लढाई मार्च १७९५ ची. त्यात शौर्यापेक्षा रात्रीचा गोंधळच जास्त. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला, तोही निंबाळकरांनी बांधलेला किल्ला. आणि निंबाळकरांचीच एक शाखा पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या चाकरीत, हैदराबादेत रावरंभा म्हणून मानाने राहिलेली. बैठकीत ‘आपण जिंकलो’ असे कुणी म्हणाले तेव्हा मला हेच खटकले. आमच्या घरात आजीपर्यंत सगळे या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत आणि त्याच मोगलाईचे मीठ खात. हैदराबादच्या मराठी माणसाने खर्ड्याच्या गोष्टीत कोणत्या तंबूत उभे राहायचे? किस्सा हा प्रश्न विचारूच देत नाही, म्हणून तो इतका आवडतो.

तहात दौलताबाद, मुलूख, तीन कोटी रुपये आणि खुद्द मुशीरुल्मुल्क ओलीस म्हणून पुण्याच्या हाती आले. किस्सा सांगणारे इथे थांबतात. पण ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात वारसाची ओढाताण सुरू झाली, आणि १७९६ मध्ये महाडला जाऊन राहिलेल्या नानांनाच निजामाची मदत हवी झाली. सौदा झाला : दिवाण सुटला, आणि खर्ड्याला मिळवलेले बहुतेक परत द्यायचे ठरले. दोनच वर्षांनी, १७९८ मध्ये, निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि रेमाँच्या पलटणी मोडल्या. शोअरने मदत नाकारली तो राग विसरायला हैदराबादला तीन वर्षे पुरली.

पुढच्या बैठकीसाठी एक सूचना आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तली या स्वारीच्या काळातली पत्रे तारखेच्या क्रमाने वाचू, आणि डफचे प्रकरण त्यानंतर उघडू. ज्यांच्या घरी ते खंड असतील त्यांनी घेऊन यावेत. माझ्याकडच्या एका खंडाची पाने वाळवीने खाल्ली आहेत, आणि नेमकी १७९४ चीच.