‘द कुकूज एग’ : नेटवर्क सुरक्षेच्या अध्यापनाच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजशब्द : नेटवर्क सुरक्षा, एथिकल हॅकिंग, नोंद, परवानगी, अध्यापन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात नेटवर्क, नेटवर्क सुरक्षा आणि एथिकल हॅकिंग हे विषय आता स्थिरावले आहेत. मात्र त्यांची सुरुवात बहुधा साधनांच्या नावांपासून होते. एनमॅपने पोर्ट कसे तपासावेत, वायरशार्कने पॅकेट कसे पाहावेत हे प्रात्यक्षिकात शिकविले जाते. टेहळणी, तपासणी, प्रवेश, ताबा आणि खुणा पुसणे हे हल्ल्याचे पाच टप्पे विद्यार्थी पाठ करतात व उत्तरपत्रिकेत अचूक लिहितात. परंतु ‘आपल्याच प्रयोगशाळेतील संगणकात काल रात्री कोणी येऊन गेले, हे कशावरून कळेल?’ असा प्रश्न प्रस्तुत लेखिकेने तृतीय वर्षाच्या वर्गात विचारला तेव्हा वर्ग निरुत्तर झाला. खुणा कशा पुसतात हे ठाऊक असलेल्यांना त्या खुणा कोठे उमटतात हे ठाऊक नव्हते. या उणिवेच्या संदर्भात क्लिफर्ड स्टोल यांच्या १९८९ साली प्रकाशित झालेल्या ‘द कुकूज एग’ या ग्रंथाचे चिकित्सक वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथाचा विषय

स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ साली ते अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात काम करू लागले. तेथे संगणक वापराचा हिशेब ठेवला जाई. त्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. हा पाऊण डॉलरचा फरक का आला, एवढेच शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. शोधात ‘हंटर’ नावाचे एक खाते सापडले. त्या खात्याला बिल पाठविण्याचा पत्ताच नव्हता. पुढे सुमारे वर्षभर चाललेल्या पाठलागानंतर हा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस व त्याचे साथीदार अमेरिकी संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेस विकत होते, असे निष्पन्न झाले. १९९० साली जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून निलंबित शिक्षा दिली.

ग्रंथाचे शीर्षक आपल्या वाचकाला परके वाटू नये. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालणारी कोकिळा आपल्या परिचयाची आहे. जीएनयू इमॅक्स या प्रणालीबरोबर येणारा टपाल हलविणारा एक लहानसा प्रोग्राम त्या संगणकावर अवाजवी अधिकारांनिशी बसविलेला होता. त्याचा लाभ घेऊन घुसखोराने आपली फाइल यंत्रणेच्या राखीव जागेत ठेवली. यंत्रणा दर पाच मिनिटांनी तेथील फाइल स्वतःची समजून चालवीत असे. तिने हे परके अंडे उबविले आणि घुसखोरास सर्वाधिकार मिळाले. ‘अधिकारवृद्धी’ ही संकल्पना व्याख्येतून सांगताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसतो, तो या उदाहरणाने नाहीसा होतो, असा अनुभव आहे.

नोंद हेच पहिले साधन

या ग्रंथाचे खरे शैक्षणिक मूल्य हेरकथेत नसून पद्धतीत आहे. स्टोल यांनी प्रथम घुसखोराची वाट बंद केली नाही. एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरील टर्मिनल व प्रिंटर उसने आणून त्यांनी ते बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वाहिनीला जोडले. संगणकात केलेली नोंद घुसखोर पुसू शकला असता. कागदावर उमटलेली कळ त्याला पुसता येणार नव्हती. शिवाय स्टोल स्वतंत्र रोजवही ठेवीत. नोबेल पारितोषिकप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी त्यांना या प्रकरणाकडे संशोधन म्हणून पाहण्याचा सल्ला दिला होता. निरीक्षण, अनुमान, पडताळा हा क्रम ग्रंथात शेवटपर्यंत सुटत नाही.

याचा वस्तुपाठ म्हणजे अंतराचे अनुमान. पाठविलेला मजकूर व त्याची पोच यांमधील कालावधी मोजून घुसखोर किती दूर असावा याचा अंदाज स्टोल बांधतात. उत्तर अपेक्षेपेक्षा फार मोठे येते व प्रथम त्यावर विश्वास बसत नाही. पुढे माग युरोपात गेल्यावर त्या अंदाजाचा अर्थ उलगडतो. विलंब, पोच व मार्गक्रमण हे नेटवर्कचे प्राथमिक पाठ येथे एका खऱ्या प्रश्नाला जोडलेले आहेत. पासवर्डची फाइल घुसखोर का नेतो, या कोड्याचेही तसेच. शब्दकोशातील शब्द एकेक करून त्याच रीतीने कूटबद्ध करावयाचे आणि फाइलशी ताडून पाहावयाचे, ही युक्ती वाचकाला स्टोल यांच्याबरोबरच उमगते.

स्टोल यांनी १९८८ साली संगणक व्यावसायिकांच्या एका नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहिला होता. त्यानुसार घुसखोराने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले व ३० हून अधिक ठिकाणी तो यशस्वी झाला. अनेक ठिकाणी उत्पादकाने दिलेला मूळ पासवर्डही बदललेला नव्हता. हल्लेखोराजवळ असामान्य बुद्धी नव्हती, चिकाटी होती. हा निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या मनातील हॅकरविषयक अद्भुततेला उतारा ठरतो.

ग्रंथाच्या मर्यादा

ग्रंथाचा गौरव करताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. टिमनेट, टेलिटाइप व यांत्रिक टेलिफोन केंद्रे यांचे जग आता उरलेले नाही. नेटवर्कच्या स्तररचनेचे पद्धतशीर विवेचन येथे नाही. ते पाठ्यपुस्तकातूनच शिकवावे लागेल.

अधिक गंभीर मर्यादा नैतिक आहे. व्हर्जिनिया राज्यातील क्रमांक न्यायालयीन आदेशाविना सांगण्यास टेलिफोन कंपनी नकार देते. तेव्हा कानावर पडलेल्या आकड्यांची जुळवाजुळव करून स्टोल मायटर या संस्थेचा मोडेम शोधून काढतात. वाचक येथे टाळी देतो, आणि नेमके येथेच अध्यापकाने थांबले पाहिजे. तसेच घुसखोर इतरांच्या संगणकांत शिरत असताना त्याला महिनोन्‌महिने पाहत राहणे कितपत समर्थनीय आहे? स्टोल संबंधित संस्थांना सावध करतात, हे खरे. परंतु चांगल्या हेतूने सीमा ओलांडणाऱ्या नायकाकडे ग्रंथ बऱ्याच अंशी कौतुकाने पाहतो. निवेदक, तपासणारा आणि आपल्या कृतीचा न्याय करणारा एकच असल्याने हे घडते.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ नुसार मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी फक्त त्रुटी दाखवून दिली’ हे उत्तर सद्हेतू दाखवील; परवानगीची जागा ते घेऊ शकत नाही. एथिकल हॅकिंगमधील ‘एथिकल’ हा शब्द साधनाला लागू होत नाही. काम सुरू होण्यापूर्वी मिळालेली लेखी संमती व तिने आखलेली मर्यादा यांनाच तो लागू होतो. साधन आधी आणि संमती शेवटच्या तासाला, असा क्रम ठेवल्यास चुकणाऱ्या विद्यार्थ्याच्या चुकीत अध्यापकाचाही वाटा राहील.

समारोप

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात व नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात. स्टोल यांनी उसन्या प्रिंटरवर जे केले, ते आता नियमाने बंधनकारक झाले आहे. नोंद वाचू न शकणारा पदवीधर मात्र हा नियम पाळू शकणार नाही.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, या विषयाचे पहिले प्रात्यक्षिक पोर्ट तपासण्याचे नसावे. विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने, आपल्याच प्रयोगशाळेतील एका संगणकाची एका दिवसाची नोंद वाचणे व तीतील न जुळणारी एक ओळ शोधणे, हे ते असावे. त्याच्या सोबतीला ‘द कुकूज एग’ची पहिली काही प्रकरणे वाचावयास द्यावीत आणि टेलिफोन क्रमांकाच्या प्रसंगावर वर्गात वाद घडवून आणावा. पाऊण डॉलरचा फरक क्षुल्लक म्हणून सोडून देता आला असता. तो सोडून न देण्याची सवय कोणत्याही साधनाच्या पुस्तिकेत मिळत नाही. ती वर्गातच लावावी लागते.