नाक्यावर तपासून घेतलेला माणूस

मंडळी, समीक्षा म्हटली की ती कवितेची नाहीतर कादंबरीची, अशी आपली समजूत असते. आज आम्ही समीक्षेला घेतलंय ते एक सरकारी वाक्य. मन बिघडलं म्हणून सैन्यातून घरी पाठवलेल्या जवानाच्या कागदांत ते सापडतं. मूळ इंग्रजीत असतं. मराठीत आशय असा, की हा आजार सैन्यसेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही.

मागे एका जवानाच्या आईनं असाच एक कागद आमच्यापुढं धरला. आम्ही अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "मग कशानं झाला, ते लिवलंय का?" आम्ही कागद उलटून पाहिला. लिहिलेलं नव्हतं. आम्ही जन्मभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला, पण इतका नेमका प्रश्न फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल.

या वाक्याची किंमत आधी समजून घ्या. जवानाला नियमित पेन्शनसाठी पंधरा वर्षं सेवा लागते. सहाव्या-सातव्या वर्षी आजारानं घरी आलेल्याला आधार उरतो तो मुख्यतः अपंगत्व पेन्शनचा. तिच्या अटी दोन. अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि त्याचा सेवेशी संबंध हवा. दुसऱ्या अटीचा निवाडा मेडिकल बोर्ड करतं. म्हणजे हे एक वाक्य लिहिलं गेलं की दार बंद.

सुरुंगात पाय गेला तर तारीख असते, जागा असते, स्फोटाचा अहवाल असतो. मन कोणत्या तारखेला गेलं म्हणायचं? झोप उडाली त्या रात्री, की सोबत्यांवर पहिल्यांदा संशय आला त्या दिवशी?

इथं आपल्या जुन्या शास्त्रकारांची मदत घेऊ. मीमांसकांनी 'अनुपलब्धी' नावाचं प्रमाण मानलंय. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्याला त्यांनी एक अट घातली: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. भर उजेडात दिसला नाही तर नाही म्हणा. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर एवढंच म्हणता येतं की आम्हाला दिसला नाही. बोर्डाचं वाक्य या कसोटीवर घासून बघा. 'सेवेशी संबंध आढळला नाही' असं ते म्हणत नाही. 'संबंध नाही' म्हणतं. छिन्नमनस्कतेची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची, कारणं वैद्यकशास्त्राला अजून पुरती उलगडलेली नाहीत. आनुवंशिकता आहे, मेंदूची घडण आहे, ताणही आहे. खोली अंधारी आहे, आणि निकाल उजेडातल्यासारखा.

मग अंधाराचा भार कुणी उचलायचा? खरा प्रश्न हा आहे, आणि कायद्यानं त्याचं उत्तर एकदा फार चांगलं दिलं होतं. ते समजायला लांब जायला नको. आपल्या गावाच्या नावातच 'नाका' आहे. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. नाक्यावर गाडी थांबवतात, माल तपासतात, मग आत सोडतात. आता तुम्हीच तपासून, ठाकठीक म्हणून आत घेतलेली गाडी आतमध्ये मोडली, तर ती आधीच मोडकी होती हे दाखवायचं काम कुणाचं? तुमचं. १९८२च्या नियमांचा आशय हाच होता: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही, आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं फेफऱ्याच्या आजाराच्या एका खटल्यात हे ठामपणे सांगितलं. धरमवीर सिंग निकाल म्हणून तो ओळखला जातो.

पुढं ३ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाचा दुसरा निकाल आला. खटला स्किझोफ्रेनियाचा होता. न्यायालय म्हणालं, असे आजार भरतीच्या तपासणीत कळत नाहीत. त्यामुळे नोंद नाही एवढ्यावरून आजार सेवेतच लागला असं धरता येत नाही. जवानाला दिलेल्या कामामुळे ताण आला का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावं. जवानाचा दावा फेटाळला गेला.

या निकालातलं अर्धं आम्हाला पटतं. सेवेत असताना आजार झाला म्हणून सेवेनंच झाला, हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडण्यासारखं आहे. पण नाक्यावर दोष दिसत नाही, एवढ्यावरून भार गाडीवानावर कसा येतो? जे तपासणाऱ्या तज्ज्ञाला दिसलं नाही, ते अठरा वर्षांच्या पोराला कुठून दिसणार?

आणि 'कामाचा ताण' तरी कसा मोजतात? बोर्डाच्या अहवालांत एक कारण वारंवार येतं: आजार शांत ठिकाणच्या तैनातीत सुरू झाला. जणू ताण नकाशावरची जागा आहे, आणि तिथून निघालं की तोही मागं राहतो. दुसरं कारण घरगुती. बांधाचं भांडण, बापाचं कर्ज, बायकोचं दुखणं. आपल्याकडच्या जवानांना यातलं सगळं ठाऊक आहे. पण बारकाईनं बघा. बांधाचं भांडण गावात राहणाऱ्या भावालाही असतं. तो सकाळी उठून शेतावर जातो, चार माणसं जमवतो. जवान सुट्टीचा अर्ज करतो आणि फोनपाशी बसतो. भांडण घरचं, हे खरं. त्यापासूनचं अंतर मात्र सेवेनं घातलेलं आहे. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर सेवा इथं निमित्तकारण ठरू शकते. 'घरगुती' एवढा शब्द लिहून ते पुसता येत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. खोटे दावे होतात, बैठ्या जीवनशैलीच्या आजारांवर पेन्शन घेतली जाते, आणि पैसा जनतेचा आहे. ही काळजी वाजवी आहे. पण खोट्या दाव्यावर उपाय म्हणजे कसून केलेली, कारणं लिहिलेली तपासणी. दोन वेळा 'नाही' लिहिणं ही तपासणी नव्हे.

७ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय याच मुद्द्यावर आलं. पुन्हा स्किझोफ्रेनियाचाच खटला. बोर्डानं निष्कर्ष दिला होता, कारणं दिली नव्हती. कारणं देणं हा नुसता उपचार नाही, मताचा गाभाच तो आहे, असं म्हणत न्यायालयानं जवानाच्या बाजूनं निकाल दिला. त्या आईचा प्रश्न न्यायालयात पोचायला इतकी वर्षं लागली.

तेव्हा ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांना आमचं सांगणं आहे. 'बाहेरचं झालंय' म्हणून अंगारे-धुपारे करत वर्षं घालवू नका, आधी डॉक्टर. बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण नक्कल मागा, नुसतं नामंजुरीचं पत्र नको. उपचाराची प्रत्येक चिठ्ठी आणि त्यानं घरी पाठवलेली पत्रं जपून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अपील करता येतं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. मुंबई इथून लांब पडते, वेळ लागतो, हे आम्ही लपवत नाही.

आणि कागद हातात आला की त्या माऊलीसारखं आधी उलटून बघा. कशानं झाला, ते लिहिलंय का? नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.