फ्लॉइड कार्डोझ यांची पाककला

आमच्या मासिकांतून काव्याचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, गायनाचेंहि होतें. परंतु पाककलेचें सहसा होत नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्रा'पासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत पाककृतींचीं पुस्तकें मराठींत विपुल आहेत, आणि पदार्थ कसा करावा हें तीं उत्तम सांगतात. पण एखाद्या आचाऱ्यानें आयुष्यभर काय साधलें, त्याच्या कृतींमागें कोणता विचार होता आणि तो विचार कोठें अपुरा पडला, हें पुसण्याची आपल्याकडे रीत नाहीं. परदेशीं जाऊन परक्या जिभेपुढें हिंदुस्थानी अन्न मांडणाऱ्याच्या बाबतींत तर आपण दोनच गोष्टी करतों : त्याची कीर्ति ऐकून धन्य होतों, किंवा 'हें आपलें जेवणच नव्हे' म्हणून नाक मुरडतों. मार्च २०२० मध्यें वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं निवर्तलेले फ्लॉइड कार्डोझ यांच्या कारकीर्दीचा विचार या दोन्ही टोकांस न जातां करावा, असा आमचा हेतु आहे.

कार्डोझ मुंबईचे, जन्म १९६० चा, कुटुंब गोमंतकीय ख्रिस्ती. जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासाच्या काळांत आर्थर हेली यांची 'हॉटेल' ही कादंबरी त्यांच्या वाचनांत आली आणि त्यांचें मन दुसरीकडे वळलें. मुंबईंत व पुढें स्वित्झर्लंडमध्यें शिक्षण घेऊन ते न्यूयॉर्कास गेले. तेथें 'लेस्पिनास' या श्रीमंती भोजनगृहांत ग्रे कुंझ यांच्या हाताखालीं ते तयार झाले. कुंझ हे सिंगापुरांत वाढलेले आणि फ्रेंच रीतीच्या रांधपांत पौर्वात्य मसाल्यांची योजना करणारे. तेव्हां शिष्याला पुढची वाट येथेंच सांपडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ती वाट १९९८ सालीं 'तबला' या भोजनगृहाच्या रूपानें दृश्य झाली. डॅनी मेयर यांच्या सहकार्यानें मॅडिसन स्क्वेअर बागेसमोर निघालेल्या या भोजनगृहास 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या परीक्षक रूथ राइकल यांनीं दुसऱ्याच वर्षीं तीन तारे दिले. तेथील हिंदुस्थानी खाणावळ म्हणजे स्वस्त रस्सा आणि तंदुरी कोंबडी, ही तोंवरची सर्वसाधारण समजूत मोडण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं तबल्याकडे जातें. या भोजनगृहाला दोन मजले होते. वरच्या मजल्यावर फ्रेंच शिस्तीचें जेवण, गोंव्याचा मसाला घातलेल्या खेंकड्याच्या वड्यांसारखे पदार्थ. खालीं 'ब्रेड बार', म्हणजे तंदुरांतल्या रोट्या आणि त्यांच्या जोडीला साधें, घरगुती वळणाचें खाणें.

या दोन मजल्यांचा भेद समजण्यासाठीं मराठी रंगभूमीचा दाखला उपयोगीं पडेल. आगरकरांनीं शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' केलें, तें भाषांतर. देवलांनीं 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तें रूपांतर. रूपांतरांत कथा परकी आणि वेष देशी असतो. तबल्याच्या वरच्या मजल्यावर यांतलें कांहींच नव्हतें. तेथें कथा श्रोत्यांच्याच घरची होती. तिच्या अंगावर दागिने मात्र दूरदेशचे होते. कार्डोझ यांच्या २००६ सालच्या 'वन स्पाइस, टू स्पाइस' या पुस्तकाचें उपशीर्षकच 'अमेरिकन अन्न, हिंदुस्थानी स्वाद' अशा अर्थाचें आहे. या उपशीर्षकाशीं आमचा मतभेद आहे. आपलें अन्न म्हणजे केवळ मसाला, हा साहेबाच्या काळापासून चालत आलेला समज त्यांत नकळत दृढ होतो. भाकरी थापणें, डाळ शिजवून घोटणें, फोडणी नेमक्या क्षणीं देणें, आंबवणें, वाळवणें हा सारा क्रियेचा भाग त्यांत बाजूस राहतो, आणि आमच्या मतें अन्नाचें व्यक्तित्व मसाल्याइतकेंच या क्रियांत असतें.

कार्डोझ मात्र आपल्या उपशीर्षकापाशीं थांबले नाहींत, ही त्यांची खरी थोरवी. तबला २०१० अखेर बंद झालें. पुढच्याच वर्षीं 'टॉप शेफ मास्टर्स' या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेंत त्यांनीं पहिला क्रमांक मिळवला, आणि अंतिम फेरींत जो पदार्थ गाजला तो होता उपमा! आपल्या घरोघरीं सकाळीं होणारें उप्पीट. त्यांत रानटी अळंबी घातलेली आणि तें 'पोलेंटा' या इटालियन नांवानें ओळखविलेलें. नांव परकें म्हणून कोणी हंसेल. परंतु रवा भाजणें, फोडणी, आधणाचें पाणी, वाफ हें सर्व येथें जाग्यावर होतें. बदलला तो वेष. हा झुंझाररावाचाच प्रकार झाला, आणि तो वरच्या मजल्यावरील अलंकारांहून आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

२०१६ सालीं त्यांनीं 'पाववाला' काढलें, तेव्हां वेषहि उतरला. मुंबईंत गोमंतकीय ख्रिस्ती माणसाला चिडवण्यासाठीं वापरलेला हा शब्द त्यांनीं न्यूयॉर्कच्या दारावर लावला. पाव हा तेथें तोंडीं लावण्याचा विषय राहिला नाहीं. तोच मुख्य झाला. मुंबईच्या विलिंग्डन क्लबांतला म्हणून प्रसिद्ध असलेला 'एग्ज केजरीवाल', म्हणजे पाव, चीज, हिरवी मिरची आणि वर अंडें, हाहि तेथें आपल्याच नांवानें वावरला. तबल्याचा खालचा मजला आतां स्वतंत्र घर करून राहिला, असें म्हणतां येईल. हें भाषांतर होतें, आणि तें करणाऱ्याला मूळ ग्रंथाची लाज वाटत नव्हती.

पण येथें एक कटु गोष्ट नमूद केली पाहिजे. अलंकारांचें तबला बारा वर्षें चाललें. भाषांतराचा पाववाला २०१८ मध्यें 'बॉम्बे ब्रेड बार' असें नवें नांव घेऊनहि २०१९ सालीं मिटला. भोजनगृहें बंद पडण्यास कारणें अनेक असतात, म्हणून एवढ्यावरून निष्ठेला शिक्षा झाली असा निष्कर्ष आम्ही काढणार नाहीं. तथापि परक्या गिऱ्हाइकाच्या पसंतीवर आपल्या अन्नाची किंमत ठरवूं नये, एवढा बोध यांतून निश्चित घ्यावा.

तो बोध कार्डोझ यांनीं स्वतःच आचरणांत आणला होता. २०१५ सालीं मुंबईच्या लोअर परळांत 'बॉम्बे कँटीन' आणि २०१७ मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलांत गोंव्याच्या जेवणाचें 'ओ पेद्रो' त्यांच्या सहभागानें निघालें. हंगामी भाज्यांना आणि निरनिराळ्या प्रांतांच्या पदार्थांना तेथें मानाचें पान मिळालें. बाहेर जेवावयाचें म्हणजे पंजाबी किंवा परदेशी, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी खोड. तिला हें चोख उत्तर होतें. या ठिकाणांचे दर सामान्य कुटुंबाच्या खिशाला झेपणारे नव्हेत, हा दोष आहेच. त्याहून मोठा दोष आपला : घरच्या उपम्याकडे नीट पाहण्यासाठीं आपल्याला न्यूयॉर्कचा शिक्का लागावा!

कार्डोझ यांनीं अमेरिकेला हिंदुस्थानी अन्न शिकवलें, असें त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमच्या मतें त्यांची अधिक मोलाची कामगिरी निराळी आहे. वरच्या मजल्यावर मान मिळवल्यावरहि खालच्या मजल्यावरचें अन्नच आपलें सांगणें आहे, हें ओळखून त्यांनीं तें उत्तरोत्तर अधिक स्पष्ट सांगितलें. कवीला जसा आपला स्वर उशिरां सांपडतो, तसा तो या आचाऱ्याला सांपडला. आणि सांपडल्यावर तो आपल्याच गांवचा निघाला.