साथीचे रोग आणि सस्तन प्राण्यांची जनुकीय उत्क्रांती : मिक्सोमॅटोसिसविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :
साथीचे रोग हे नैसर्गिक निवडीचे प्रभावी साधन आहे, हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. पुढील वर्षीच ऑस्ट्रेलियात उपद्रवी युरोपीय सशांच्या नियंत्रणासाठी मिक्सोमा विषाणू यशस्वीरीत्या पसरविण्यात आला. आरंभी बाधित सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मरत. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये व १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये हा रोग पोहोचला.

प्रचलित मांडणीतील उणीव :
‘विषाणू कालांतराने सौम्य झाला’ एवढाच बोध या घटनेतून बहुधा काढला जातो. तो अपुरा आहे. फ्रँक फेनर व सहकाऱ्यांनी लागोपाठच्या साथींनंतर जन्मलेल्या वन्य सशांची एकाच विषाणूप्रकाराने चाचणी घेतली. काही वर्षांतच मृत्युप्रमाण ९० टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर आले. विषाणू तोच असल्याने बदल सशांमध्ये झाला, हे उघड आहे. उलटपक्षी, १९९० च्या दशकातील ऑस्ट्रेलियन विषाणू प्रतिकारक्षमता नसलेल्या प्रयोगशाळेतील सशांना अत्यंत मारक असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

जनुकीय पुराव्याचे मूल्यमापन :
जोएल आल्व्हेस व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये संग्रहालयांतील साथपूर्व सशांच्या व आधुनिक सशांच्या जनुकांची तुलना केली. तिन्ही देशांत तीच जनुकरूपे वाढलेली आढळली. ही रूपे नव्याने उद्भवलेली नसून मूळ समूहात आधीपासून होती. प्रतिकारक्षमता एखाद्या जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामावर आधारलेली दिसते. निवड झालेल्या इंटरफेरॉनच्या रूपाची विषाणूरोधक क्षमताही प्रयोगाने सिद्ध झाली, हे या अभ्यासाचे विशेष बलस्थान होय.

तथापि एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तिन्ही देशांतील सशांना पुढे रक्तस्रावी रोगाच्या साथीलाही तोंड द्यावे लागले. ऑस्ट्रेलियात ती १९९५ मध्ये पसरली. त्यामुळे केवळ समांतर बदलांवरून प्रत्येक जनुकाचे श्रेय मिक्सोमा विषाणूस देता येत नाही. प्रयोगाने पडताळलेली जनुके आणि केवळ सांख्यिकीय संकेत देणारी जनुके यांत भेद करावा लागतो.

निष्कर्ष :
रोग आपोआप सौम्य होतो, हा दिलासा या उदाहरणातून मिळत नाही. सशांची प्रतिकारक्षमता असंख्य मृत्यूंच्या मोबदल्यात वाढली आणि विषाणूही बदलत राहिला. अध्यापनात पोशिंदा व विषाणू या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या जाव्यात. जुन्या प्राणी-नमुन्यांचे जतन हेही संशोधनकार्यच मानले जावे. साथपूर्व कातडी व हाडे उपलब्ध नसती, तर ही तुलना अशक्य ठरली असती.